गोल पार्टीचे मास्तर

"भाऊ, जरा वाढव."

मास्तरांनी मला सांगितलेलं पहिलं वाक्य हे, आणि पुढच्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलंही हेच. सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. डावा हात बेंजोच्या बटणांवर तसाच ठेवून उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. मी मिक्सरवरचं बटण थोडं फिरवायचो. "अजून." मी अजून फिरवायचो. मग ते तिरक्या नजरेनं एकदा माझ्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, "हां, आता बरोबर."

माझं दुकान कळंबला. अँप्लिफायर, मिक्सर, माईक, जळलेले स्पीकर, असली दुरुस्ती. बायपास झाल्यापासून माझ्याकडे चुकून कुणी येत नाही. येतो तो काहीतरी जाळून, तोंड वाकडं करूनच येतो. जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेक बँड आणि बेंजो पार्ट्यांचं सामान माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला आवाज कळतो. कुठल्या पेटीतून चांगला येतोय, कुठल्या पेटीतून फाटका येतोय, एवढंच.

तुम्ही हळदीत, यात्रेत बेंजो ऐकला असेलच. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि विजेवर चालणारं ते काम. नाचणाऱ्यांच्या अंगात आणायचं आणि घरी जायचं, यापलीकडे त्याच्याकडून कुणी अपेक्षा ठेवत नाही. मास्तर ठेवायचे. पंचावन्नच्या आसपासचे, लेण्याद्रीच्या अंगाला घर, अंगात पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात तारा वाजवायच्या प्लास्टिकच्या चार पट्ट्या. वीस-बावीस वर्षं एका मोठ्या पार्टीचे मुख्य वादक होते. एका दसऱ्यानंतर त्यांनी ती पार्टी सोडली आणि आमच्या भागात कुणी केलं नव्हतं असं काहीतरी करायचं डोक्यात घेतलं.

त्याच्या मुळाशी एक कॅसेट होती. मास्तरांच्या घरची एक खोली भाड्यानं जायची. आमच्याकडे त्या दुर्बिणीच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या मोठ्या तबकड्या आहेत, तिथं कामाला आलेला एक बंगाली इंजिनिअर त्या खोलीत तीन वर्षं राहिला. त्यानं जाताना ही कॅसेट मास्तरांना दिली. विलायती बँड. एका बाजूला एकच गाणं. गाणारा पाच मिनिटांनी तोंड उघडायचा आणि थोडं गाऊन जो गायब व्हायचा तो शेवटपर्यंत यायचा नाही. मधल्या वेळात ठेका चार वेळा बदलायचा. मास्तरांनी ती कॅसेट फीत तुटेपर्यंत ऐकली, तुटल्यावर नेलपॉलिशनं चिकटवून ऐकली.

त्या बँडची हकिगत ते प्रत्येक नवीन माणसाला सांगायचे. "चार पार्ट्यांचे चार म्होरके एकत्र आले. चौघंबी नावाजलेले. दोन रेकॉर्डी काढल्या, तिसरीच्या आत फुटले."

"का फुटले?" असं समोरच्यानं विचारायचं असायचं. नाही विचारलं तर मास्तर थांबून राहायचे.

"त्यो इंजिनियर म्हनला, सगळेच मोठे व्हते." मग थोडं थांबून, "पर दोन रेकॉर्डी तर झाल्या."

मास्तरांनीही तसेच तीन जण गोळा केले. ट्रम्पेटवाले शांतारामभाऊ, मंचरच्या एका जुन्या ब्रास बँडचे म्होरके, मिशीला रोज रंग. ऑक्टोपॅडवर सचिन, तिशीतला, ज्याच्यासाठी तीन पार्ट्यांचे मालक एकमेकांशी बोलत नव्हते. आणि संबळावर बबन, पार घाटाकडचा, भात-नाचणी करणारा; मुलाखत द्यावी तसा मोजून बोलायचा, पण काठी संबळाला लागली की आमच्या मिक्सरच्या सुया शेवटाला जाऊन आपटायच्या. चौघांनी मिळून एक पार्टी काढली. आमच्या धंद्यात ही बातमी कशी पसरली असेल ते तुम्हीच समजून घ्या. मला फोन आले. "काय रं, खरं हाय का?" मी म्हटलं खरं आहे, मिक्सरला मीच आहे.

नावावरून पहिल्याच आठवड्यात पेटलं. चौघांची नावं पत्रकावर छापायची, पण पहिलं कुणाचं? शांतारामभाऊ वयानं मोठे, सचिनला मागणी जास्त, पार्टी मास्तरांची. बबन म्हणाला, माझं शेवटी टाका, पण मग त्याच्या अगोदर कोण, यावर पुन्हा अडलं. शेवटी प्रेसवाल्यानं वैतागून चारही नावं गोलात छापली. तरीही शांतारामभाऊंनी पत्रक हातात घेऊन, स्वतःचं नाव वर येईल असं फिरवून बघितलं आणि मगच खिशात घातलं. तेव्हापासून लोक आम्हाला गोल पार्टी म्हणायला लागले. मास्तरांना ते नाव आवडलं होतं असं नाही, पण भांडण मिटलं याचा त्यांना आनंद होता.

तालमीला जागा मिळाली डिंगोऱ्याला, सचिनच्या सासऱ्यांच्या कांद्याच्या बराखीत. जुना कांदा विकून झालेला, नवा निघायचा होता चैत्रात, तोवर ती लांबलचक चाळ रिकामी. सासरे पहिल्याच दिवशी म्हणाले, "वाजवा, पर माजा कांदा आला की त्यो उन्हात पडनार न्हाई. त्या दिवशी तुमी भायेर." म्हणजे आमच्या पार्टीचं आयुष्य किती, हे शेजारच्या वावरात उगवताना दिसत होतं. मी दर खेपेला गाडीतून उतरलो की आधी त्या कांद्याच्या पातीकडे बघायचो.

लग्नाच्या सुपाऱ्या आम्ही घेतच होतो. पण मास्तरांनी पार्टी काढली होती ती वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी एक चाल बांधली होती, बावीस मिनिटांची. तिला नाव नव्हतं, आम्ही 'ते लांबडं' म्हणायचो. संबळानं सुरुवात, मग ट्रम्पेट, मग ठेका साताचा, मग पाचाचा, आणि शेवटी पुन्हा साधा, पण तोवर अंगातून वारं गेलेलं असायचं. त्यावर नाचता येत नाही. मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं तेव्हा मिक्सरवरून हात काढून घेतला होता आणि डोळे पुसले होते. शांतारामभाऊंनी ते बघितलं आणि म्हणाले, "काय रं, कांदा लागला का?" बराख रिकामी होती.

आता अडचण कुठं होती ते सांगतो. बेंजो पार्टीत गाणं कधी थांबवायचं, कधी बदलायचं, हे मुख्य वादक ठरवतो. गर्दी नाचतेय तोवर ताणायचं; गर्दी सैल पडली की त्यानं हात वर करायचा. त्या इशाऱ्याला आमच्याकडे तोड म्हणतात. हात वर झाला की बाकीच्यांनी असतील तिथं थांबायचं आणि पुढचं गाणं उचलायचं. हे चौघंही आपापल्या पार्टीत तोड देणारे. वर्षानुवर्षं त्यांनी हात वर केला आणि लोक थांबले. तोड घेणारा त्यांच्यात एकही नव्हता.

मास्तरांनी नियम घातला. "लांबड्यात कुनी हात करायचा न्हाई. मोजायचं. आपापलं मोजायचं, आन मोजून झालं की पुढं जायाचं."

"आन पब्लिक पळालं तर?" शांतारामभाऊ.

"पळू दे."

"तुमी नवरदेवाच्या मामाचं तोंड इसरलाय, म्हनून बोलताय."

तरी ते मोजायला लागले. पण सवय कुठं जाते? साताच्या ठेक्यात शांतारामभाऊंचा ट्रम्पेट आपोआप वर उचलला जायचा, सचिनची काठी हवेत थांबायची, आणि एकदा एक थांबला की दुसरा थांबायचा, आणि मग कुणामुळे थांबलं यावर अर्धा तास. रोज त्याच जागी. बबनला साडेपाचची एसटी गाठायची असायची. तो संबळाला फडकं बांधायला लागायचा. त्या सबंध हिवाळ्यात ते लांबडं शेवटपर्यंत गेलं असेल चार वेळा.

आणि मास्तर बोट वर करत होते. जरा वाढव. अजून.

वाढवायची पण एक हद्द असते. मास्तरांच्या पायाशी ठेवलेला स्पीकर मी इतका चढवला होता की बराखीच्या कुडातून धूळ पडायची. बाकीचे तिघं म्हणायचे, म्हाताऱ्याला स्वतःचंच ऐकायची हौस. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी ते दुकानात चार जणांना सांगितलंही होतं. ते आठवलं की आज स्वतःची लाज वाटते.

माघातल्या एका दुपारी त्यांच्या पायाजवळच्या त्या स्पीकरची वायर उंदरानं कुरतडली. तालीम चालू झाल्यावर माझ्या लक्षात आलं, पेटी मुकी आहे. सांगणार, तोच मास्तरांचं बोट वर झालं. मी सवयीनं बटण फिरवलं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "हां, आता बरोबर."

मी मुद्दाम थोड्या वेळानं पुन्हा हात बटणाकडे नेला, मागे फिरवलं. "कमी करू नको," ते म्हणाले. पेटीतून काहीच येत नव्हतं. ते आवाज ऐकत नव्हते, माझी बोटं बघत होते.

तालीम संपल्यावर मी त्यांना गाडीपाशी गाठलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून, हळू नाही, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मास्तर, तुमची पेटी आज बंद होती." ते बेंजोचं कव्हर लावत राहिले. मग मी समोर जाऊन तेच बोललो. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि कव्हराची चेन अर्ध्यावर थांबली.

"उजवा गेलाच हाय," ते म्हणाले. "डावा हाय निम्मा. वरचे सूर न्हाई येत, जाडं जाडं येतं. पुन्याच्या डाक्टरनं त्या काचेच्या खोलीत बसवलं, कानाला लावलं, म्हनला वाजलं की बटन दाब. मी लई येळ बसलो. त्यो काचेतनं माज्याकडं बघत व्हता, मी त्याच्याकडं." मग हसले. "आवाजापासनं लांब राहा म्हनला. बेंजोवाल्याला."

"किती दिवस आहे डावा?"

"वरीस. कमी बी."

मी विचारलं, मग हा सगळा उपद्व्याप कशाला? घरी बसून जे ऐकू येतंय ते सांभाळायचं. त्यांनी जे उत्तर दिलं ते मी विसरू शकलो नाही. "भाऊ, लांबडं माज्या डोक्यात पंधरा वर्सं हाय. डोक्यात. कानानं कवा ऐकलंच न्हाई मी ते. ह्या तिघांबिगर ते वाजत न्हाई. कान हाय तवर मला एकदा ऐकायचंय, मानसांच्या म्होरं, सुरू ते शेवट, न तुटता."

आणि मग, "ह्या तिघांला सांगू नको. भैऱ्याच्या मागं कोन वाजवतंय? गोळा करतील सामान."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून माझं जगणं अवघड झालं. मास्तरांच्या डाव्या कानाजवळ मी पेटी सरकवली, तिच्यात सगळं जाड तेवढं भरलं: संबळ, पॅड. शांतारामभाऊ मागून काही बोलले आणि मास्तरांनी उत्तर दिलं नाही की मी मध्ये पडायचो, "अहो ते मोजतायत." सचिन मला म्हणाला, "तुमी मास्तरांचे वकील झालाय का?" दर तालमीला वाटायचं, आज कळणार. एका बराखीत चार माणसं, आणि तिघांना हे कळू द्यायचं नाही; तुम्ही करून बघा.

बाहेरूनही ओढ सुरू झाली होती. एका मंगळवारी सचिनच्या जुन्या पार्टीचा मालक जीप घेऊन आला आणि बराखीच्या दारातल्या दगडावर बसला. आमची तालीम पूर्ण ऐकली, मांडीवर हात ठेवून. संपल्यावर उठला, पँट झटकली. "सचिन, पाडव्यानंतर माजी एक तारीख रिकामी न्हाई. ह्ये झालं की ये. झालं की म्हनतोय, आत्ता न्हाई." इतकं सभ्य बोलला की आम्हाला सगळ्यांना त्याची भीती वाटली. शांतारामभाऊंचा बँडही त्यांना रोज फोन करत होता. वावरातली पात पिवळी पडून माना टाकायला लागली होती.

एकच यात्रा हाताशी होती. जुन्नरच्या पश्चिमेकडचं एक गाव, नाव घेत नाही. कमिटीला मांडव डहाळ्यांच्या, म्हणजे देवाच्या मांडवासाठी डहाळ्या नेण्याच्या, मिरवणुकीला गोल पार्टी हवी होती. मास्तर म्हणाले, "सकाळी तुमचं वाजवू. चार वाजता अर्धा तास आमचं." कमिटीनं एकमेकांकडे बघितलं. चारला कुस्त्या होत्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "साडेचारला पयली कुस्ती लागंल. तवर तुमी काय बी वाजवा."

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सकाळी डहाळ्यांच्या बैलगाड्यांपुढे आम्ही तीन तास वाजवलं, लोक मनसोक्त नाचले, शेरणीचा प्रसाद वाटून झाला. चार वाजता देवळापुढच्या दगडी ओट्यावर चौघं उभे राहिले. समोर आखाड्याची माती, तिच्याभोवती गर्दी, लंगोटातले पैलवान मांड्या चोळत उभे. कुणीही आमच्यासाठी आलेलं नव्हतं. मास्तरांनी बोट वर केलं नाही. नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली.

बबननं सुरुवात केली. ट्रम्पेट आला. पहिला भाग गेला. लोकांना वाटलं आता गाणं सुरू होईल; ते होत नव्हतं, पण म्हातारी माणसं माना डोलवत होती. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं होतं. साताचा ठेका सुरू झाला. इथं मास्तरांची बोटं इतकी जलद चालायची की त्यांना मान खाली घालून बटणांकडेच बघावं लागायचं. म्हणजे या भागात त्यांचे डोळेही बाकीच्यांवर नसायचे.

गर्दी सैल पडायला लागली. मागून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "आरं कुस्ती लावा." पैलवानांचा हलगीवाला उगाच एक थाप मारून गेला. मी शांतारामभाऊंकडे बघितलं आणि मला कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षं तोड देणारा बँडमास्तर आला होता. गर्दी चालली होती, आणि गर्दी चालली की काय करायचं हे त्यांच्या हाडात होतं. ट्रम्पेट वर गेला. तोड.

त्याच क्षणी सचिननं काठी उचलली. त्याचीही तोडच, पण दुसऱ्या जागेवर. बबन दोघांचे वर गेलेले हात बघून थांबला. तिघंही थांबले.

मास्तर वाजवतच होते.

मान खाली, बोटं चालू, ठेका साताचा. शांतारामभाऊ पुढच्या गाण्यासाठी श्वास घेऊन त्यांच्याकडे बघत होते, की आता हा थांबेल. मास्तर थांबले नाहीत. ते थांबणार नाहीत हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. डावा कानही त्यांनी मला सांगितला त्याहून बराच गेला होता, हे मला तेव्हा उमगलं. मला खोटं सांगितलं होतं माणसानं.

"बाकीचे च्याला गेले का?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. ते हसू मास्तरांच्या भोवती पसरत गेलं आणि त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. माझा हात त्यांच्या बटणावर होता. बंद करावा, वीज गेली म्हणावं, असंही मनात आलं. मी ते बटण पूर्ण वर केलं. एकटाच वाजवतोय तर निदान भरून वाजू दे.

शांतारामभाऊ दोन पावलं पुढं आले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवणार होते. तो हात मी बघितला, पांढऱ्या शर्टापासून वीतभर लांब. मिक्सर ओट्याच्या खाली होता, मला तिथं पोचता येणार नव्हतं. तेवढ्यात बबननं मान हलवली. नाही. एवढंच. तो मास्तरांच्या बोटांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. शांतारामभाऊंनी बबनकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि मग सगळा हिवाळा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा, कारण त्यांचा हात खाली आला आणि चेहरा पडला.

बबन समेवर आला. बरोबर समेवर, जणू तो तिथंच होता. नंतर सचिन. शांतारामभाऊंना तीनदा श्वास घ्यावा लागला. ट्रम्पेट सगळ्यात शेवटी आला.

हसणारे गप्प झाले होते. का, ते त्यांना तरी सांगता आलं असतं की नाही कुणास ठाऊक. पाचाचा ठेका झाला, शेवट झाला, पुन्हा एकाही हाताची तोड न होता. मास्तरांनी मान वर केली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. ओट्यावरून उतरले, थेट माझ्याकडे आले आणि लहान पोरासारखे म्हणाले, "भाऊ, येकदा बी तुटलं न्हाई."

मी म्हटलं, "नाही तुटलं."

"रेकॉर्डिंग झालं ना? दे मला. कान हाय तवर रोज ऐकतो."

पहिल्या कुस्तीची हलगी सुरू झाली म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

वायरी गुंडाळताना तिघं माझ्याकडे आले. शांतारामभाऊंनी विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"हो."

"आन आमाला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

त्यांनी ट्रम्पेटचं तोंड पुसलं. "गेलो असतो," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, याबद्दल त्यांना मी मानतो. मधे तुटलं होतं हे मास्तरांना कुणी सांगायचं नाही, असं आम्हा चौघांत तिथंच ठरलं.

आठ दिवसांनी बराखीत कांदा भरला. गोल पार्टी पुन्हा उभी राहिली नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. सचिन पाडव्यानंतरच्या तारखांना गेला, बबन घाटात गेला. शांतारामभाऊंना मी विचारलं, दुसरी जागा बघू या का? ते म्हणाले, "माजा हात पुन्ना वर जाईल रं. त्याच्या शेजारी न्हाई उभा राहू शकत." विलायतेत चार मोठी माणसं कशावरून फुटली मला माहीत नाही. आमची लाजेनं फुटली.

रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. त्यात ती जागा स्वच्छ उतरलेली: तिघं थांबतात, लोक हसतात, बेंजो एकटा. ते कसं देणार? मी म्हटलं, फाईल खराब झाली. मास्तर दर महिन्याला कळंबला यायचे. "निघाली का फाईल?" प्रयत्न चालू आहे म्हणायचो. दर खेपेला मला जास्त मोठ्यानं म्हणावं लागायचं. मग कागदावर लिहून द्यावं लागायला लागलं. त्यांचे ऐकण्याचे शेवटचे महिने माझ्या 'प्रयत्न चालू आहे'मध्ये गेले. मी त्यांना दुःखापासून वाचवत होतो, असं तेव्हा मला वाटत होतं. आज तसं वाटत नाही.

ते शेवटचे आले तेव्हा कान पूर्ण गेला होता. नेहमीसारखे स्टुलावर बसले, आणि या वेळी त्यांनी विचारलं नाही. ते न विचारणं माझ्याच्यानं बघवलं नाही. मी बिलाच्या मागं लिहिलं, 'निघाली.' मनात असंही होतं, की आता लावायला हरकत नाही, आता काय कळणार आहे. माझा चांगुलपणा तेवढाच.

त्यांनी चष्मा लावून तो एक शब्द वाचला. मग उठून टेबलावरच्या मोठ्या पेटीची जाळी काढली आणि आतल्या स्पीकरच्या शंकूसारख्या कागदावर डाव्या हाताचा तळवा ठेवला, डोळे मिटले. मी लावलं. संबळाचा ठोका तळव्याखाली उडताना मला दिसत होता. त्यांची मान हलायला लागली. पहिला भाग गेला. साताचा ठेका आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

ती जागा आली. बेंजोच्या बारीक सुरांनी तो कागद हाताला कळेल इतका हलत नाही. तळवा एकदम स्थिर झाला. मास्तरांनी डोळे उघडले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. त्यांनी हात काढला नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायला लागला. ते मोजत होते.

मग तळवा पुन्हा उडाला.

"अकरा," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, मोठा आणि सपाट. "अकरा आवर्तनं यकटाच व्हतो मी."

मी मान हलवली.

"पयला कोन आला? बबन?"

हो.

"शांताराम?"

मी कागदावर लिहिलं, 'सगळ्यात शेवटी.' त्यांनी वाचलं. मला वाटलं आता हा माणूस माझ्या दुकानातून उठून जाईल आणि मला पुन्हा तोंड दाखवणार नाही, आणि ते बरोबरच होईल.

"पर आला," मास्तर म्हणाले. "मी भैरा हाय हे कळल्याव बी आले तिघं." त्यांनी दुसराही तळवा पेटीवर ठेवला. "जिथं बबन येतो ना भाऊ, तिथनं परत लाव."

मी तिथनं परत लावलं. त्या संध्याकाळी दुकान बंद करेपर्यंत लावत होतो.